दोन्ही बाजूला सिंह असलेलं 1 रुपयाचं नाणं: लाखी आहे का आणि किती मिळतील?

तुम्ही फोटो टाकून लिहिलंय की बाबांच्या डब्यात स्टीलचा रुपया सापडला, एका बाजूला सिंह नेहमीसारखा उठावाचा, दुसऱ्या बाजूला तोच सिंह खोलगट आणि आरशात बघितल्यासारखा उलटा, साल कुठंच नाही, आणि व्हॉट्सॅपवर एकजण 5 लाख द्यायला तयार आहे पण आधी 2500 रुपये रजिस्ट्रेशन फी मागतोय. आधी या शेवटच्या माणसाचं बोलतो. एक पैसा पाठवू नका. तो उद्या जीएसटी मागेल, परवा रिझर्व्ह बँकेचं सर्टिफिकेट म्हणून शिक्का मारलेला कागद पाठवेल, आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, आम्ही कसली फी की कमिशन घेत नाही. ज्याला खरंच नाणं हवंय तो आधी नाणं बघायला मागतो, फी नाही.

आता नाणं. वर्णन लाखीचंच आहे, इंग्रजीत त्याला ब्रॉकेज म्हणतात. लाखात एखादं निघतं म्हणून लाखी असं जुने लोक सांगतात, मोजायला कोण गेलं होतं माहीत नाही. होतं काय, तर टांकसाळीत वर-खाली दोन डाय, म्हणजे नक्षी कोरलेले ठसे, असतात आणि मधे कोरी चकती येते, ठोका पडला की नाणं बाहेर. कधीतरी ठोकलेलं नाणं डायला चिकटून राहतं, बाहेर पडतच नाही, आणि पुढची चकती येते ती त्या चिकटलेल्या नाण्यावर आपटते. मग तिच्या एका अंगावर डायमुळे सरळ सिंह उठतो आणि दुसऱ्या अंगावर चिकटलेल्या नाण्याचा सिंह उलटा रुततो. 1 चा आकडा, कणसं, साल यांची डाय त्या नाण्याखाली झाकलेली, म्हणून साल नाही. टांकसाळही कळणार नाही, कारण मुंबईचा चौकोनी हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका हे सगळं सालाखालीच असतं (कोलकात्याचं चिन्हच नसतं). पहिल्या एक-दोन ठोक्यांत खोलगट सिंह एकदम रेखीव येतो, पुढे चिकटलेलं नाणं मार खाऊन पसरत जातं तसा सिंहही फुगीर आणि अस्पष्ट होत जातो. रेखीव असेल तर भाव जास्त.

पण हे सगळं खरी लाखी असेल तर हां. मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी रविवारच्या एका बाजारात अल्युमिनियमच्या 10 पैशाची, ते कंगोरेवालं नाणं असायचं बघा, लाखी म्हणून 400 रुपयांना घेतली आणि बसमध्ये दहा वेळा खिशातून काढून बघितली. घरी टेबललॅम्प आडवा धरून भिंगाखाली ठेवली तर खोलगट सिंहाच्या खालून 10 मधल्या शून्याची कड वर आलेली दिसली, आणि दुसऱ्या बाजूच्या सिंहाचं तोंड इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. म्हणजे कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये दाबली होती. अल्युमिनियम मऊ असल्याने त्यात हे फार सोपं जातं, स्टीलमध्ये त्रास पडतो पण हायड्रॉलिक प्रेस असेल तर अशक्य नाही. तेव्हा तुमच्या नाण्यावर हेच शोधायचं, खोलगट बाजूला 1 ची उभी रेघ, कणसाची टोकं किंवा सालाचा एखादा आकडा कुठं डोकावतोय का. डोकावला की संपलं, कारण टांकसाळीत त्या बाजूला दुसरा ठसा पडलेलाच नसतो. आणि व्हाइसचा दाब दुसऱ्या बाजूलाही बसतो, म्हणून सरळ सिंहाचे उंच भाग चेपलेत का तेही बघा. मात्र मधे चामडं किंवा लाकूड ठेवून दाबलं तर तो सिंह वाचतो, म्हणून नुसत्या त्यावर विसंबू नका.

वजन पण करा. 1992 नंतरचा कणसंवाला स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅम, 25 मिमी. पुढच्या डिझाइनचे रुपयेही 2011 मध्ये नाणं लहान होईपर्यंत त्याच मापाचे आले, म्हणून घरातले जुने रुपये काढून सिंहाची बाजू ताडून बघा, काळ साधारण लागेल. लोहचुंबकाला चिकटलं पाहिजे. आणि प्लीज चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काही लावू नका, घासलेलं नाणं हातात आलं की आमच्यासारख्यांचा अर्धा मूड तिथंच जातो.

खाली बाकीच्यांनी आपापली नाणी टाकलीत त्यांचंही उरकतो. 10 रेषावाला 10 रुपयांचा कॉइन एरर, म्हणजे टांकसाळीत चुकलेला, नाही आणि नकलीही नाही, 2011 पासून डिझाइनच बदललं, 15 च्या 10 रेषा झाल्या. वैष्णोदेवीचा 2012 चा कॉइन एरर नाही, भरपूर निघालाय, लाखोंचे व्हिडिओ बघणं सोडा. मधला गोळा निघालेला 10 चा कॉइन बहुतेक वेळा हातोड्याची करामत. डाय फिरलेली आहे का बघायला सिंह सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटा, आकडा सरळ यायला हवा. 10-15 अंश तिरका असेल तर कुणी विचारत नाही, पूर्ण उलटा असेल तर विचारतात. कडेचा तुकडा कमी असलेल्या नाण्यात त्या तुकड्याच्या बरोबर समोरची कड पुसट असेल तर चकतीच तशी कापली गेली होती, कड दणदणीत असेल तर कानसेची शंका घ्या. ऑफ-सेंटरमध्ये, म्हणजे ठसा मधोमध न पडलेल्या नाण्यांत, अर्धंअधिक सरकलेलं पण साल दिसतंय असं सगळ्यात भारी.

किमतीचं म्हणाल तर ऑनलाइन जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, तो बघूच नका. नाणी खरोखर ज्या भावाला गेली ते लिलावाचे निकाल बघा, किंवा प्रदर्शनात नाणं घेऊन तीन वेगवेगळ्या डीलरना नुसतं विचारा, तिघांच्या मधला आकडा धरा. स्टीलच्या रुपयाची खरी, रेखीव लाखी असेल तर माझ्या अंदाजाने दोन ते चार हजार, पसरट असेल तर हजाराच्या आसपास. 5 लाख कुठल्याच दिवशी नाही. मी असतो तर विकलंही नसतं, बाबांच्या डब्यातलं आहे.

दोन्ही बाजूंचे फोटो आडव्या उजेडात पुन्हा काढून इथे पाठवा, फ्लॅश नको, एक कडेचा फोटो आणि काट्यावरचं वजन. खोलगट सिंहाच्या पायाशी तुमच्या फोटोत एक रेघ दिसतेय मला, ती 1 ची आहे का ओरखडा आहे हे त्यावरून कळेल.