मशीन बंद असताना निघालेले दहा नग

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

सकाळी पंचहौदच्या चर्चमध्ये उपासना सुटल्यावर तू जे बोललीस, त्याचं उत्तर पायरीवर उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं. एकीकडे पाळकसाहेब, दुसरीकडे स्कूटर चालू करून बसलेली तुझी आई. म्हणून लिहायला बसलो.

"काका, नोकरी सोडून प्रभूची सेवा करावीशी वाटते," म्हणालीस. मग आवाज खाली आणून दुसरं सांगितलंस: शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, चौदा टेस्ट केस, म्हणजे त्याच्या तपासण्या, चालवायला वेळच उरलेला नाही आणि मॅनेजर म्हणतो न चालवताच 'पास' मारून टाक. मला आपलं वाटतं की पहिली गोष्ट या दुसरीतून निघाली आहे. चुकत असेन तर सांग.

माझी एक गोष्ट ऐक. मंडळीत कुणाला सांगितलेली नाही. मी 23 वर्षांचा होतो, भोसरीकडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला. लेथवर 25 मिलिमीटरची पिन निघायची, ब्रेकच्या जोडणीतली. दर तासाला पाच नग उचलायचे, मायक्रोमीटर लावायचा, आकडे तक्त्यात भरायचे. माझ्या टेबलाच्या काचेखाली कलस्सैकरांस पत्रातलं वचन होतं, सुवाच्य अक्षरात: जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून करा.

रात्रपाळीला झोप अनावर व्हायची. एका रात्री मी दोनचे आकडे घेतले आणि गोडाऊनमधल्या पुठ्ठ्यांवर आडवा झालो. सहाला उठून राहिलेला तक्ता एका दमात भरला. सगळे आकडे सारखे ठेवले तर संशय येईल, म्हणून 24.98, 25.01, मध्येच 24.99 असे कलाकुसरीने पेरले. सकाळी फोरमननी बोलावलं. वारकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी माझ्या तक्त्याशेजारी मेंटेनन्सचं रजिस्टर उघडून ठेवलं. अडीचला लेथचा पट्टा तुटला होता, सव्वाचारला जोडला गेला. माझ्या तक्त्यात तीनचेही आकडे होते आणि चारचेही.

आवाज न चढवता ते म्हणाले, "मशीन बंद असताना निघालेले हे दहा नग मला दाखव."

एवढंच. काचेखालच्या वचनाकडे त्यांनी पाहिलं की नाही, देव जाणे. मी मात्र पाहिलं. घरी जाऊन तो अख्खा अध्याय वाचला, तेव्हा कळलं की मी चिकटवलेल्या ओळीच्या आधीच, तोंडदेखली चाकरी करू नका, असं लिहिलंय. कुणी बघतंय म्हणून हात चालवायचे आणि पाठ फिरली की थांबवायचे, ती तोंडदेखली चाकरी. ती ओळ मी सोयीने वगळली होती.

त्याच ठिकाणचं आणखी एक सांगतो, कारण उपदेशात ते राहून जातं. हे पत्र लिहिणारा पौल तुझ्यामाझ्यासारख्या पगारदारांना लिहीत नव्हता, दासांना, म्हणजे गुलामांना लिहीत होता. पगार नाही, राजीनामा नाही. आणि पुढे लगेच, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, तो धन्यांकडे वळतो: दासांशी न्यायाने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. म्हणून हे वचन दाखवून कुणी फुकटचा ओव्हरटाइम मागू लागला, तर त्याला ही ओळ वाचून दाखव. युनियनमध्ये असताना मी एकदा दाखवली होती. साहेब ख्रिस्तीच होते. फार आवडली नाही त्यांना.

तुझ्या प्रश्नाला मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला प्रसंग जास्त जवळचा आहे. यार्देनेकाठी बाप्तिस्मा घ्यायला आलेले जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातदार म्हणजे रोम्यांसाठी वसुली करणारे, लोकांच्या शिव्या खाणारे. योहान स्वतः रानात राहणारा, टोळ आणि मध खाणारा. तो म्हणाला असता, सोडा ते नाकं आणि या माझ्याबरोबर! पण तसं म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, म्हणाला. शिपायांनाही तेच: जुलमाने कुणाचं काही घेऊ नका. म्हणजे त्यांनी परत त्याच नाक्यावर जाऊन बसायचं होतं. मला तर रानात राहण्यापेक्षा ते अवघड वाटतं. शेजारच्या नाक्यावरचा दुप्पट घेतोय आणि तुझ्या हिशेबात रोज कमी भरतंय.

आपल्याकडे 'सेवा' म्हटलं की व्यासपीठ आणि माइक. केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, तू तरुण संघाबरोबर गेली होतीस ना? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला, तिथल्याच छापखान्यातून. छपाईचे खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार बोटांनी उचलून ओळीत बसवायचा. 'न' च्या जागी 'त' पडला तर वचनाचा अर्थ फिरायचा. रमाबाईंचं नाव आपण घेतो. त्या जुळारी मुलींचं कोण घेतं? त्यांनी सेवा केली नाही, असं म्हणायची मात्र तुझी छाती होणार नाही.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरंच असेल तर जा, मी अडवणार नाही, सेमिनरीच्या फीलाही हातभार लावेन. पण शुक्रवार टाळायला जाऊ नकोस. तिथेही हजेरीपट असतात, वर्गणीचे हिशेब असतात, आणि न चालवलेल्या केस 'पास' मारायला सांगणारे असतातच.

आता शुक्रवारचं. तुमच्या त्या तक्त्यात 'नॉट रन', म्हणजे चालवलीच नाही, असा पर्याय असतो, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. तो निवड. चौदापैकी ज्या केस पैशाच्या व्यवहाराला हात लावतात त्या आधी चालव. चार-पाच तरी होतील. उरलेल्यांची यादी मॅनेजरला मेलने पाठव, दोन ओळीत: इतक्या झाल्या, इतक्या राहिल्या, रिलीज करायचं की नाही हा निर्णय तुमचा. त्यात वचनबिचन घालू नकोस. तोंडी ओरडला तर ऐकून घे. 'पास' मार असं लेखी द्यायला बहुधा तयार होणार नाही. तोही वरच्याला भिऊनच आहे, त्याला चारचौघांत उघडं पाडू नकोस. अप्रेझलमध्ये फटका बसू शकतो, बसणार नाही असं खोटं आश्वासन मी देत नाही. मला त्या वर्षी बढती मिळाली नाही, आणि ते रास्तच होतं. तुझ्या बाबतीत ते अन्यायाचं ठरेल, हा फरक आहे.

आणि रात्री अकराचे ते कॉल. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत दास, दासी, गुरंढोरं, सगळ्यांना विसावा सांगितलाय, त्यात तूही बसतेस. निदान रविवारी लॅपटॉप उघडू नकोस.

काकू म्हणते, पुढच्या रविवारी उपासनेनंतर जेवायलाच ये. माझा तो जुना मायक्रोमीटर अजून कपाटात आहे, दाखवतो. त्याआधी शुक्रवारी काय झालं ते कळव. कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
काका