तानाका म्हणजे नक्की कोणते तानाका?

तुम्ही विचारलंय की पंतप्रधान तानाका, नोबेल मिळालेले तानाका, तोशिबा कंपनीचं मूळ ज्यांच्या दुकानात आहे ते तानाका आणि बेसबॉलवाले तानाका हे सगळे एकाच घराण्यातले का. आणि नसतील तर एका आडनावात इतकी नावाजलेली माणसं कशी. मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवतोय, दुभाष्याचंही काम करतो. हा प्रश्न वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

नाही, हे एका घराण्यातले नाहीत. तुमच्या यादीतल्या चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जपानमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत सातो, सुझुकी, ताकाहाशी आणि मग चौथं तानाका असा क्रम लागतो. साधारण 13 लाख लोकांचं हे आडनाव आहे, आणि ओसाका-क्योतोकडे, म्हणजे पश्चिम जपानात, ते जास्त दिसतं.

आडनावाचा अर्थ पाहिला की इतके तानाका का, हे पटकन उमगतं. हे दोन चिन्हांत लिहितात. पहिलं ‘ता’ म्हणजे शेत, पण कुठलंही शेत नव्हे. जपानीत हे चिन्ह पाण्याने भरलेल्या भातखाचराचं आहे. कोरडवाहू शेताला वेगळं चिन्ह आणि वेगळा शब्द आहे. काढायलाही सोपं: एक चौकट आणि आत बांधांची फुली, म्हणजे वरून पाहिलेली चार खाचरं. दुसरं ‘नाका’ म्हणजे मधे: आडवी चौकट आणि तिच्या बरोबर मधून गेलेली उभी रेघ. फळ्यावर ही दोन चिन्हं काढली की पहिल्या दिवशीचा विद्यार्थीसुद्धा घरी जाऊन काढून दाखवतो. ‘खाचरांच्या मधला’, एवढाच अर्थ. ज्या देशात गावोगाव भात लावतात तिथे खाचरांमधलं घर प्रत्येक गावात असणार, आणि तसं आडनावही प्रत्येक गावात वेगवेगळं, स्वतंत्रपणे जन्माला आलं असणार. आपल्याकडचे सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच आहे हे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो फार पसरलाय. ‘पूर्वी जपानी शेतकऱ्यांना आडनावंच नव्हती, 1875 मध्ये सरकारने सक्ती केली तेव्हा ज्याने त्याने समोर दिसेल ते घेतलं’ असं सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे ते. 1870 मध्ये सामान्य लोकांना आडनाव लावायची मुभा मिळाली आणि फेब्रुवारी 1875 मध्ये सक्ती झाली, हे बरोबर. सक्तीमागे लष्कराचा आग्रह होता, कारण सक्तीची सैन्यभरती सुरू झाल्यावर कोण कुठला हे कागदावर पक्कं हवं होतं. पण त्याआधीही कित्येक शेतकरी घराण्यांना गावापुरतं आडनाव होतं. सरकारी कागदावर लावायची तेवढी बंदी होती. म्हणजे बरेचसे तानाका 1875 च्या आधीपासूनच तानाका होते.

रोजच्या व्यवहारात याची अडचण कशी होते, तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात एकदा ओसाकाजवळच्या एका कारखान्यात फोन करून मी नुसतं ‘तानाका-सान आहेत का’ असं विचारलं. पलीकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं, ‘दोचिरा-नो तानाका देश्यो-का?’ म्हणजे कोणते तानाका? त्यांनी ‘सान’ लावलं नाही, कारण बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीतल्या माणसाला आदरार्थी प्रत्यय लावत नाहीत. मला विभाग माहीत नव्हता, पूर्ण नावही नाही. त्या मजल्यावर तीन तानाका होते. त्या दिवसापासून मी कोणाचंही व्हिजिटिंग कार्ड हातात आलं की आधी नावाची चिन्हं वाचतो, मग विभाग, आणि आडनाव सर्वांत शेवटी.

म्हणूनच जपानी लोक अशा माणसांना आडनावाऐवजी नावाने ओळखतात. पंतप्रधान तानाका काकुएइ लोकांसाठी ‘काकु-सान’ होते, बेसबॉलपटू तानाका मासाहिरो ‘मा-कुन’. कधीकधी तर पूर्ण नाव सांगूनही भागत नाही. तानाका अत्सुको म्हटलं तर 1956 मध्ये रंगीत दिव्यांचा ‘विजेचा पोशाख’ करून तो अंगावर घालणारी ओसाकाची चित्रकार (1932–2005), की 2024 मध्ये वारलेली ॲनिमेवाली (जपानी कार्टूनपटांतली) प्रसिद्ध आवाज-अभिनेत्री? दोघींच्या नावाची चारही चिन्हं एकच आहेत. इथे जन्मसाल आणि व्यवसाय पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि आडनाव एक म्हणजे रक्त एक, हे अगदी एका घरातही नेहमी खरं नसतं. काकुएइंची मुलगी माकिको 2001 मध्ये जपानची पहिली महिला परराष्ट्रमंत्री झाली. जपानी कायद्यात नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, आणि बहुतेक वेळा बायको नवऱ्याचं लावते. इथे उलटं झालं. नवरा नाओकी मूळचा सुझुकी, तोही राजकारणी घरातला. लग्नानंतर तो तानाका झाला आणि 2012 मध्ये तानाका नाओकी याच नावाने संरक्षणमंत्री झाला. 119 वर्षं जगलेल्या फुकुओकाच्या तानाका काने (1903–2022) तानाका झाल्या त्या लग्नामुळे.

आता तुमच्या यादीतली माणसं.

तानाका हिसाशिगे 1799 मध्ये क्युशू बेटावर कुरुमे इथे जन्मले. वडील कासवाच्या कवचाच्या वस्तू घडवणारे कारागीर. हिसाशिगेंनी तरुणपणी आपोआप हलणाऱ्या बाहुल्या केल्या. त्यातली एक पोरगा-बाहुली भात्यातून बाण उचलते, धनुष्याला लावते आणि निशाण्यावर सोडते. पण मला सर्वांत जास्त कौतुक आहे ते 1851 मधल्या त्यांच्या घड्याळाचं. तेव्हाच्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग धरत, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा ‘तास’ लांब आणि रात्रीचा आखूड, हिवाळ्यात उलट. म्हणजे घड्याळाच्या तबकडीवरच्या खुणाच ऋतूप्रमाणे सरकायला हव्यात. इतर घड्याळांत त्या हाताने सरकवत. हिसाशिगेंच्या घड्याळात त्या आपोआप सरकतात. सहा बाजूंना सहा तबकड्या: जपानी वेळ, पाश्चात्त्य वेळ, वार, चंद्रकला वगैरे, आणि वर काचेखाली जपानच्या नकाशावरून फिरणारे सूर्य-चंद्र. एकदा चावी दिली की वर्षभर चालावं अशी रचना. तोक्योला गेलात तर उएनोच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात ते जरूर पाहा, आणि घाईत पाहू नका. ज्या 1875 मध्ये आडनावाची सक्ती झाली, त्याच वर्षी पंचाहत्तरीतल्या हिसाशिगेंनी तोक्योच्या गिन्झा भागात तारयंत्रांचं दुकान काढलं. तेच तोशिबाचं मूळ. तो धंदा पुढे नेला तो दुसऱ्या हिसाशिगेने, आणि तो त्यांचा दत्तक मुलगा होता.

तानाका कोइची, 2002 चं रसायनशास्त्राचं नोबेल. यांच्या नावातली चिन्हं वाचली की मला फार आनंद होतो: ‘को’ म्हणजे नांगरणं, ‘इची’ म्हणजे एक. पूर्ण नावात खाचर आहे, मधे आहे आणि नांगरणंही आहे. जन्म 1959, तोयामा. जन्मानंतर महिन्याभरातच आई गेली आणि काका-काकूंनी आपलं मूल म्हणून वाढवलं. हे त्यांना कळलं ते विद्यापीठात जाण्याच्या वेळी. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, तेही पदवीपर्यंतच. डॉक्टरेट नाही, प्राध्यापकी नाही. क्योतोच्या शिमाझु कंपनीत इंजिनिअर. प्रथिनांचे मोठे रेणू लेझरच्या उष्णतेने तुटतात, म्हणून त्यांचं वस्तुमान मोजता येत नव्हतं. 1985 मध्ये त्यांनी कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन ओतलं. भुकटी महाग, फेकायची कशी, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिलं. आणि रेणू न तुटता सुटा झाला. बक्षिसाचा चौथा हिस्सा त्यांचा. जाहीर झालं त्या संध्याकाळी पत्रकारांसमोर ते कंपनीच्या कामाच्या जॅकेटमध्येच येऊन बसले होते, आणि सबंध जपानला ते एका रात्रीत आपले वाटले.

काकुएइंबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर भरपूर वाचायला मिळतं. नीगाताच्या हिमाच्या मुलखातला, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला माणूस 1972 मध्ये 54 व्या वर्षी पंतप्रधान झाला आणि तीन महिन्यांच्या आत पेकिंगला (आजचं बीजिंग) जाऊन त्याने चीनशी संबंध जोडले. लोक त्यांना ‘कॉम्प्युटर बसवलेला बुलडोझर’ म्हणत. 1974 मध्ये पायउतार, 1976 मध्ये अमेरिकेच्या लॉकहीड विमान कंपनीच्या प्रकरणात 50 कोटी येनची लाच घेतल्यावरून अटक, 1983 मध्ये चार वर्षांची शिक्षा. अपील चालू असतानाच 1993 मध्ये निधन. यांच्याआधी 1927 ते 1929 आणखी एक तानाका पंतप्रधान होते, जनरल तानाका गिइची. गिइचींचाही काकुएइंशी संबंध नाही. परीक्षा देणारी मुलं इथे हमखास घोटाळा करतात. मासाहिरोंचं सांगायचं तर एकच आकडा पुरे: 2013 च्या हंगामात पिचर म्हणून 24 विजय, एकही पराभव नाही. अभिनेत्री तानाका किनुयो (1909–1977) तुमच्या यादीत असायला हव्या होत्या. बायका दिग्दर्शन करत नसत त्या काळात त्यांनी सहा चित्रपट दिग्दर्शित केले.

पण तुमच्या यादीत ज्यांचं नाव नसणं मला सर्वांत जास्त खटकलं, ते तानाका शोझो. माझं हे सगळं उत्तर खरं तर त्यांच्यापर्यंत यायला लिहिलंय.

जन्म 1841, आजच्या तोचिगी प्रांतात, सानोजवळच्या कोनाका गावात. गावच्या मुखियाचं घर. 1890 मध्ये जपानची पहिली संसद निवडून आली, त्यात ते होते. त्यांच्या मतदारसंघातून वातारासे नदी वाहते आणि तिच्या उगमाकडे आशिओची तांब्याची खाण होती, देशातली सर्वांत मोठी. खाणीचं विषारी पाणी आणि गाळ नदीत. धुरामुळे डोंगर उघडे पडले, त्यामुळे पूरही वाढले. आधी मासे मेले. मग पुराबरोबर तो गाळ खाचरांत शिरला आणि भात उगवेना. शोझोंनी 1891 मध्ये संसदेत प्रश्न विचारला, आणि मग वर्षानुवर्षं विचारतच राहिले. तांबं देशाला परकीय चलन मिळवून देत होतं. खाण बंद झाली नाही.

1901 मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि 10 डिसेंबरला, संसदेचं उद्घाटन करून परतणाऱ्या सम्राट मेइजींच्या बग्गीसमोर, हातात अर्ज धरून ‘विनंती आहे’ असं ओरडत धाव घेतली. वय जवळजवळ साठ. सैनिक आडवे आले, पोलिसांनी धरलं, अर्ज सम्राटांपर्यंत पोहोचलाच नाही. सम्राटाला असं अडवणं हा मोठा अपराध होता. सरकारने माणूस वेडा आहे असं ठरवून त्यांना सोडून दिलं. अर्जाचा मसुदा पत्रकार कोतोकु शुसुइंनी लिहिला होता आणि शोझोंनी त्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या होत्या. वर्तमानपत्रांनी तो छापला.

मग सरकारने यानाका नावाचं आख्खं गाव बुडवून तिथे पाणी साठवायचा तलाव करायचं ठरवलं. शोझो 1904 मध्ये त्या गावात राहायलाच गेले. 1907 मध्ये शेवटच्या सोळा घरांवर सरकारने माणसं घातली आणि ती मोडली. लोक झोपड्या बांधून तिथेच राहिले आणि शोझोही त्यांच्याबरोबर राहिले. 1912 च्या त्यांच्या रोजनिशीत लिहिलंय: खरी संस्कृती डोंगर उजाड करत नाही, नदी नासवत नाही, गाव मोडत नाही, माणूस मारत नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांचं दुःख पाहिलेल्या कोणालाही हे वाक्य परकं वाटणार नाही.

4 सप्टेंबर 1913 ला, फिरतीवर असताना आजारी पडून ते एका कार्यकर्त्याच्या घरी वारले. घर, जमीन, सगळं आधीच लढ्यात गेलं होतं. उशाशी एक पिशवी होती. तिच्यात रोजनिशीच्या वह्या, अपुरं राहिलेलं हस्तलिखित, बायबलचा नवा करार, देशाची राज्यघटना आणि मत्तयाचं शुभवर्तमान एकत्र शिवलेली एक प्रत, आणि तीन खडे.

यानाका गावाच्या जागी आज वातारासेचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. 2012 पासून तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आणि तो अर्ज सानोच्या संग्रहालयात गेला. मे 2014 मध्ये सम्राट अकिहितो, म्हणजे मेइजींचे पणतू, तिथे आले आणि शोझोंच्या दुरुस्त्यांसकट तो कागद त्यांनी पाहिला.