कॅमेऱ्यात न आलेला ऐकणारा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला, त्यामागोमाग आलेली लिंकांची माळही. प्राण्यांचा संवाद हा तुझ्या प्रकल्पाचा विषय, आणि तो अभ्यासायचा इन्स्टाग्राम-यूट्यूबवरच्या व्हिडिओंवरून. वर्गात कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. स्नोबॉल नावाचा काकाकुवा गाण्याचा ठेका धरतो, हे अमेरिकेत २००९ साली शास्त्रीय निबंधात मांडलं गेलं. त्याची सुरुवात यूट्यूबवर फिरणाऱ्या एका व्हिडिओनेच झाली होती. मात्र संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तेच गाणं कमी-जास्त गतीने लावलं आणि पक्ष्याचा ठेकाही बदलतो का, ते मोजलं.

तुझ्या जवळजवळ सगळ्या व्हिडिओंत कॅमेरा आवाज काढणाऱ्यावर रोखलेला आहे. हेल काढणारा कुत्रा, खेकसणारं वानर, डोक्यावरून ओरडत जाणारी टिटवी. ऐकणारा कुठे आहे? संवाद म्हणायचा तर ऐकणाऱ्याच्या वागण्यात काहीतरी फरक पडला पाहिजे. केनियातल्या अंबोसेलीतल्या व्हर्व्हेट माकडांवरचं सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांचं १९८० चं काम तुमच्या पुस्तकात असेलच. ही माकडं बिबट्या दिसला की एक हाक देतात, गरुडाला दुसरी, सापाला तिसरी. संशोधकांनी या हाका रेकॉर्ड करून, आसपास कुठलाही शत्रू नसताना, लपवलेल्या स्पीकरवरून वाजवल्या. बिबट्याची हाक ऐकून माकडं झाडावर पळाली, गरुडाची ऐकून आभाळाकडे बघू लागली, सापाची ऐकून खाली गवतात शोधू लागली. हाक देणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्या वादात पडावंच लागलं नाही. पुरावा ऐकणाऱ्यांच्या पायांत होता.

म्हणून कॅप्शन आधी झाक. 'चोरी पकडली गेल्यावर लाजलेला कुत्रा' अशा रील्स तू तीन-चार पाठवल्या आहेस. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. कान पाडणं, नजर चुकवणं हे कुत्र्याने खाऊ पळवला होता की नव्हता यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. म्हणजे त्या रीलमध्ये बोलतोय मालक, आणि कुत्रा ऐकणारा आहे! तुझ्या वहीत 'लाजला' असं लिहिलेलं मला चालणार नाही. 'कान मागे, मान खाली, शेपूट पायांत' एवढंच लिही.

आता तुझ्याच यादीतला धरणाकाठचा टिटवीचा व्हिडिओ घेऊ. खाली निम्म्या लोकांनी 'अपशकुन' लिहिलंय, उरलेल्यांनी 'पाऊस येणार'. आवाज बंद करून बघ. एक माणूस खडीवरून चालत येतो, टिटवी उठते, त्याच्या डोक्यावर झेप घेते, वळते, पुन्हा येते. तो उजवीकडे सरकला की तिच्या फेऱ्या वाढतात, मागे फिरला की कमी होतात. त्या खडीत अंडी असावीत, पण हा तुझा तर्क, म्हणून तो वेगळ्या रकान्यात. आता कडेला बघ. पाण्यात दोन शेकाटे उभे आहेत. ते मान वर करतात आणि उडतात. टिटवीच्या ओरडण्यामुळे की त्या माणसामुळे? या एका व्हिडिओवरून सांगता येत नाही. पण माणूस लांब असताना टिटवी ओरडली आणि मग आजूबाजूचे पक्षी हलले, असे व्हिडिओ शोधता येतील. माझ्या मते तुझा प्रकल्प हाच असावा: टिटवी ओरडल्यावर इतर पक्षी काय करतात? कुत्री, वानरं, पोपट सगळं सोडून दे.

शोधताना फक्त मराठी नाव घालू नकोस. हिंदीत टिटहरी, गुजरातीत टिटोडी, शिवाय इंग्रजी नाव, प्रत्येकाने वेगळा ढीग निघतो. एकच व्हिडिओ दहा खात्यांवर फिरत असतो, तो एकदाच मोज. जमल्यास मूळ टाकणाऱ्याला विनम्रपणे विचार: कुठे काढला, आधी-नंतर काय झालं, आवाज तोच आहे का? शेवटचा प्रश्न हमखास विचार, कारण रीलवर गाणं चढवणं किंवा दुसरीकडचा आवाज चिकटवणं हे दोन बोटांचं काम आहे. नाशिकला बिबट्याच्या व्हिडिओंचं काय होतं ते तू आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर बघतेसच. कुठलातरी जुना व्हिडिओ 'आत्ताचा, गंगापूर रोड' म्हणून येतो. आणि मूळ आवाज असला तरी फोनला सगळं ऐकू येत नाही. हत्तींच्या काही हाका २० हर्ट्झच्याही खाली, म्हणजे आपल्याला ऐकू येणार नाहीत इतक्या खोल असतात, वटवाघळांच्या बहुतेक हाका आपल्या कानांपलीकडच्या उंच.

'किती वेळा' हा प्रश्न मात्र या व्हिडिओंना विचारू नकोस. टिटवी गप्प बसलेली दहा मिनिटं कुणी अपलोड करत नाही. अहवालात लोकांची नावं, चेहरे नकोत, खात्यांना क्रमांक दे. घरट्याची नेमकी जागाही छापू नकोस.

गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या लाजवंतीची, म्हणजे स्लो लोरिस या माकडांच्या दूरच्या नात्यातल्या छोट्या प्राण्याची रील तेवढी पुढे पाठवणं थांबव. ते हात वर करणं हा बचावाचा पवित्रा आहे, तिच्या कोपराजवळ विषाची ग्रंथी असते. असे व्हिडिओ बघून लोकांना ती घरी पाळावीशी वाटते.

एखाद्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातही जाऊन ये. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं राज्यातलं ते पहिलं ठिकाण. चापडगावच्या बाजूने सकाळी लवकर गेलीस तर टिटव्या आणि शेकाटे दोन्ही दिसतील. दुर्बीण माझी ने. स्पीकरवर हाका वाजवायचा मोह होईल, पण तो प्रयोग तुझ्यासाठी नाही. विणीच्या दिवसांत पक्षी अंडी सोडून उठतात. लांब बसून एका पानावर वेळ, हाक आणि कोण हलला एवढं टिपलंस तरी व्हिडिओंशी ताडून बघायला काहीतरी हाती येईल.

पहिल्या पाच व्हिडिओंचा तक्ता बुधवारपर्यंत पाठव. तर्काचा रकाना रिकामा असला तरी चालेल.

तुझी,
मॅडम