बोटीवरच्या इलेक्ट्रिक टॉयलेटची मोटर जाम झाली आहे, नवीच घ्यावी लागेल का?

बटण दाबलं की ‘टक्’ आवाज येतो, केबिनचे दिवे मंद होतात, मोटर फिरत नाही आणि फ्यूज उडतो. बोट मुंबईत चार महिने बंद होती आणि मेकॅनिक म्हणतो मोटर जळली, असं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबा, मोटर इतक्यात घेऊ नका. मी बडोद्यात, मकरपुऱ्याला मोटर वाइंडिंगचं काम करतो. दिवे मंद होतायत म्हणजे मोटर करंट खेचतेय. आर्मेचर (मोटरीतला तार गुंडाळलेला फिरणारा भाग) शॉर्ट असलं तरी असं होतं, पण चार महिने बंद राहिलेल्या मोटरीत पहिला संशय शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, अडकल्याचाच घ्यावा.

आधी समुद्राचं पाणी आत घेणारा आणि मैला बाहेर टाकणारा, हे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. हे हात जोडून सांगतो. टॉयलेटचे पाईप बरेचदा पाण्याच्या पातळीखाली असतात. एक सुटला तर बोट भरत जाईल. मग फ्यूज काढून खिशात ठेवा. पंपात मैला चिरणारी पाती असतात, चुकून कुणी बटण दाबलं तर बोटं जातील.

काही मोटरींच्या मागच्या टोकाला, टोपीखाली, शाफ्टला खाच असते. स्क्रू ड्रायव्हर लावून हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. बंद पडून राहिल्यावर रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पंपातलं चाक) पंपाच्या घराला चिकटतो, तो एवढ्यानेच सुटतो. नाहीच सुटला तर मोटर पंपापासून वेगळी करा आणि मोटर व पंप दोन्ही वेगवेगळे हाताने फिरवून बघा. घट्ट कोण आहे ते तिथल्या तिथे कळेल.

पंप घट्ट असेल तर पात्यांभोवती बघा: ओल्या वाइप्सचे धागे, केस, नाहीतर लघवी आणि खाऱ्या पाण्याने धरलेला पांढरा कडक थर. हा थर व्हिनेगरमध्ये भिजवला की मऊ पडतो. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

मोटर घट्ट असेल तर मला सीलचीच शंका येते. माझ्या मावसभावाने गोव्याहून अशीच एक मोटर बसने पाठवली होती. पुढचं झाकण काढलं तर तांबूस पाणी टेबलावर सांडलं. पुढचं बेअरिंग गंजून एकच गोळा झालेलं, पण आर्मेचरची तार स्वच्छ, कुठे काळी नाही, जळका वास नाही. शाफ्टवरच्या ऑइल सीलची कड झिजून तिथून खारं पाणी आत शिरत होतं. बेअरिंग आणि सील बदललं, कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्यावर ब्रश घासतात) बारीक पॉलिश पेपरने साफ केला, कार्बन ब्रश नवे टाकले, मोटर चालू झाली. त्याने सीलकडे न बघता नवी मोटर बसवली असती तर तीही अशीच गंजली असती, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. त्याच नंबरचं, पण दोन्ही बाजूंनी रबर असलेलं ‘टू आरएस’ घ्या.

शाफ्ट हाताने मोकळा फिरतोय आणि तरीही मोटर उचलत नसेल, तर दोष आधी बॅटरीपासून येणाऱ्या तारेत शोधा. फ्यूज परत लावा, हात पात्यांपासून लांब ठेवा, कुणीतरी बटण दाबून धरावं आणि तुम्ही मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावं. अडीच चौरस मिलिमीटरची तार बॅटरीपासून आठ मीटर गेली असेल, तर जाऊन-येऊन सोळा मीटर होते आणि 20 अँपिअरला तिच्यातच दोन व्होल्टच्या वर जातात. 12 व्होल्टच्या मोटरीला हे फार झालं. टर्मिनलवर हिरवा गंज दिसला तर तार कापून नवा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) दाबा. फ्यूज मात्र मोठा टाकू नका, जाम मोटर जळते ती त्यामुळेच.

मोटर पंपापासून सुटल्यावर हाताने फिरते का, एवढं बघून इथे लिहा. फिरत नसेल तर बेअरिंगचा नंबरही द्या, पुढचं सांगतो.