आधी मूळ गाडी चालवून बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश, दोनदा वाचलं. हाताशी २००१ सालची माझदा एमएक्स-५ आहे, छोटी दोन आसनांची स्पोर्ट्स कार. एका बाजूला टर्बो किट (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी यंत्रणा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉक), मोठे ब्रेक, १७ इंची रिम अशी लांबलचक यादी. दुसऱ्या बाजूला ती विकून सरळ नवी घ्यायची. दोन्हींचा खर्च नीट मांडलास आणि निर्णय माझ्यावर टाकलास.

यादी वाचताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. गाडीत काय काय बसवायचं ते पानभर आहे, पण गाडीचं तुला खटकतं काय, त्याबद्दल तीनच वाक्यं आहेत. वळणावर मागची बाजू सैल वाटते. खड्ड्यावरून जाताना खालून आवाज येतो. आणि चढावर दम कमी पडतो. यातली पहिली दोन दुखणी मॉडिफिकेशनची नाहीतच. ती झिजेची आहेत. तिसरं खरं असेलही, पण पहिली दोन दूर झाल्याशिवाय ते कळायचं नाही.

ही गाडी तुझ्या हाती आली तेव्हाच जुनी होती. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा ती कशी चालत होती, हे तू कधी अनुभवलेलंच नाहीस. थकलेल्या गाडीला तू तिचा मूळ स्वभाव समजतो आहेस, आणि त्या समजावर एवढा मोठा खर्च उभा करायला निघाला आहेस. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच: आत्ता मॉडिफायही करू नकोस आणि नवीही घेऊ नकोस. आधी ही गाडी मूळपदावर आण.

सुरुवात खालून कर. गाडी जॅकवर घे, स्टँड लाव, चाक काढ. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि प्रत्येक आर्म रबरी बुशवर फिरतो. टॉर्चच्या उजेडात एकेक बुश नीट बघ. कडेने भेगा पडलेल्या असतील, रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं असेल. आर्म आणि सबफ्रेम (ज्या लोखंडी चौकटीला आर्म जोडलेले असतात ती) यांच्या मधे टोमी घालून हलक्या हाताने रेट. निरोगी बुश किंचित दबतो आणि लगेच जागेवर येतो. गेलेला बुश मोकळा हलतो. तू वळणावर जोर देतोस तेव्हा मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे तो कोन, याच मोकळेपणामुळे बदलतो, आणि तुला ते ‘मागची बाजू सैल’ असं जाणवतं. त्यावर कडक स्प्रिंगचं कॉइलओव्हर बसवलंस तर गाडी आदळेल जास्त, आणि सैलपणा जागच्या जागी राहील.

अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन लावायचे, बोल्टही तेव्हाच बघ. खालच्या आर्मचे बोल्ट एक्सेंट्रिक असतात. ते फिरवूनच चाकांचा कॅम्बर (चाक उभ्या रेषेपासून किती कललं आहे तो कोन) आणि मागचा टो लावतात. इतक्या वर्षांत ते बुशच्या नळीत गंजून धरून बसतात, आणि ही या गाडीची ठरलेली तक्रार आहे. बोल्ट फिरत नसेल तर अलाइनमेंटवाला बिचारा समोरचा टो तेवढा लावून देतो आणि बाकीचे आकडे तसेच राहतात. तुझ्याकडे शेवटच्या अलाइनमेंटचा कागद असेल तर काढून बघ, मागच्या चाकांचा कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते. नसेल तर बोल्ट कापून नवे बुश आणि नवे बोल्ट टाकावे लागतील. काम किचकट आहे, हात काळे होतील, पण या एका कामाने गाडीत जो फरक पडतो तो कुठल्याही चकचकीत पार्टने पडत नाही.

मग टायर. नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाड्यांत नक्षी झिजायच्या आत रबर टणक होतं, आणि टणक रबराची पकड ओल्या रस्त्यावर नेमकी नको तेव्हा सुटते. ब्रेक, स्टिअरिंग, पिकअप, जे काही तू सुधारू बघतोस ते शेवटी या चार ठशांतूनच रस्त्याला पोचतं. मोठी रिम मात्र टाळ. जड चाक म्हणजे सस्पेन्शनने सांभाळायचं जास्तीचं वजन, आणि हलकेपणा हीच या गाडीची खरी कमाई आहे.

मोठ्या ब्रेकचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच किमान पातळी १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक पेडल मऊ पडलं तर आधी ऑइल बदल, रबरी होज बदल, चांगले पॅड टाक. अकराशे किलोच्या आतल्या गाडीला रस्त्यावर याहून जास्त क्वचितच लागतं.

इंजिनाची परीक्षा थोडक्यात होते. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घे. आकडा केवढा यापेक्षा चारही जवळपास सारखे आहेत का हे महत्त्वाचं. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललाच नाही असं धर. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी न राहता तपकिरी झाली असेल तर तिचे दिवस भरले आहेत. चढावरच्या दमाबद्दल बोलायच्या आधी प्लग, प्लगच्या वायरी आणि इंधनाचा फिल्टर बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर पुढचं सगळं अवलंबून आहे: गंज. मागच्या चाकापुढचा खालचा पत्रा, म्हणजे सिल, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या चासीच्या पेट्या. तुझ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये या पुढच्या पेट्या आतून सडतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर चांगल्या वेल्डरला दाखव, आणि त्याने मान हलवली तर या गाडीवर एकही पैसा मॉडिफिकेशनचा घालू नकोस. सडलेल्या चासीवर टर्बो बसवणं हा जिवाशी खेळ आहे. तसं निघालं तर तुझा प्रश्न आपोआप सुटला, दुसरी गाडी बघायला लाग.

गंज नसेल, बाकीची कामं झाली, आणि दोन-तीन महिने मनसोक्त चालवूनही चढावर दम कमीच वाटला, तर टर्बोबद्दल बोलू. पण टर्बो ही एक वस्तू नाही, हे समजून घे. तुझ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०:१ आहे. त्यात हवा दाबून भरली की मिश्रण वेळेआधी पेटायचा धोका वाढतो, म्हणून इंधन आणि इग्निशन नव्याने बसवायला वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि त्याचे आकडे नीट बसवणारा ट्यूनर लागतो. वाढलेली उष्णता रेडिएटर मागतो. वाढलेला टॉर्क क्लच मागतो, मग गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल. माझदाने स्वतः याच पिढीची टर्बो आवृत्ती काढली होती, २००४ आणि २००५ साली अमेरिकेत ‘माझदास्पीड’ नावाने विकली, १७८ अश्वशक्तीची. तिचा कॉम्प्रेशन रेशो ९.५:१ ठेवला, आणि क्लच, अ‍ॅक्सल, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सगळं टर्बोला झेपेल असं बदललं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही एवढं करावं लागलं. तुझ्या यादीत टर्बो किटची किंमत आहे, पण क्लच नाही, रेडिएटर नाही, ट्यूनरचे पैसे नाहीत. खरा आकडा तू लिहिलास त्याच्या कितीतरी पुढे जाईल.

याच्या शेजारी नवी गाडी ठेवून बघ. एमएक्स-५ ची चौथी पिढी २०१५ पासून मिळते. २०१८ मध्ये तिचं २ लिटरचं इंजिन सुधारलं. आता ते टर्बोशिवाय १८० च्या आसपास अश्वशक्ती देतं, ७,५०० आरपीएमपर्यंत फिरतं, आणि गाडीचं वजन तुझ्या गाडीएवढंच, हजार-अकराशे किलो. म्हणजे तुझ्या टर्बोतून जे मिळवायचं ते इथे वॉरंटीसकट मिळतं. शिवाय घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा तिच्यात आहे, तुझ्या गाडीत नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल वर्षापासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली, आणि योग्यच झालं. जुन्या गाडीत तू कितीही पैसे घातलेस तरी ही यंत्रणा आणि नव्या सांगाड्याची सुरक्षितता विकत मिळत नाही. रोज रात्री-बेरात्री लांबचा प्रवास तू या एकाच गाडीतून करणार असशील, घरात दुसरी गाडी नसेल, तर मी निःसंकोच सांगेन की नवी घे. मॉडिफाय केलेली गाडी अधूनमधून आठवडाभर गॅरेजमध्ये बसतेच. एखादा पार्ट येत नाही, एखादं सेन्सर चुकतं, ट्यूनरची वेळ मिळत नाही. त्या दिवसांत कामावर कसा जाणार, याचं उत्तर आधी हवं.

नव्या गाडीचीही एक बाजू आहे. शोरूममधून बाहेर पडताच किंमत उतरायला लागते आणि पहिल्या वर्षी सर्वात जास्त उतरते. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर हप्ते राहतात. आणि बहुतेक नव्या स्पोर्ट्स कार एमएक्स-५ सारख्या हलक्या राहिलेल्या नाहीत. बीएमडब्ल्यूची आताची एम-२ सतराशे किलोच्या घरात आहे. वेग अफाट, पण तो जाणवायला रस्ता कमी पडतो. तुझ्या गाडीत मध्यम वेगालाही हातात काहीतरी घडत असतं. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून डांबराचा पोत तळव्याला कळतो. ते तुला प्रिय आहे हे तुझ्या पत्रातून दिसतं, आणि म्हणूनच तिला घाईने विकू नकोस असं मला मनापासून वाटतं.

एक तिसरा मोहही होईल: दुसऱ्याने आधीच टर्बो बसवलेली तयार गाडी. पार्टच्या किमतीच्या मानाने ती स्वस्त दिसते, कारण मॉडिफिकेशनचे पैसे विकताना वसूल होत नाहीत. पण वायरिंग कोणी केलं, ईसीयूचा मॅप (त्यात भरलेले आकडे) कोणी केला आणि गाडी किती पिळली गेली, हे त्या किमतीत लिहिलेलं नसतं. बिलांची फाइल आणि ट्यूनरचा कागद नसेल तर लांब राहा.

मॉडिफायच करायचं ठरलं तर एका वेळी एकच बदल कर आणि त्यावर महिनाभर चालव. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर कुठल्या बदलाने काय झालं हे कधीच कळणार नाही. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट पुसून, नाव लिहून जपून ठेव; विकताना तेच कामाला येतात. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळव, न कळवलेल्या बदलावर दावा नाकारला जाऊ शकतो. धुराच्या आणि आवाजाच्या तपासणीत काय चालतं ते पार्ट मागवायच्या आधी विचारून घे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस.

आणि स्वतःला एक प्रश्न खरेपणाने विचार. सुट्टीच्या दिवशी तुला गाडीखाली झोपून बोल्ट सोडवायला आवडतं, की किल्ली फिरवून निघायला? पहिल्या माणसाला जुनी गाडी वर्षानुवर्षं आनंद देते. पार्ट शोधणं, बसवणं, पुन्हा काढणं हीच त्याची हौस असते. दुसऱ्यासाठी तोच खर्च आणि तोच वेळ हळूहळू चिडचिड होतो आणि गाडी एका कोपऱ्यात चादरीखाली पडून राहते. दोघांत कमी-जास्त कोणी नाही. तू चार महिने गॅरेजमध्ये घालवलेस तर कुठला आहेस ते तुला स्वतःच कळेल, म्हणूनही बुशचं काम शक्यतो स्वतःच्या हाताने कर. सबफ्रेम उतरवायची वेळ आली तर मात्र एकट्याने हात घालू नकोस.

टर्बो किटचे आगाऊ पैसे भरले नसशील तर थांब. चासी ठोकून बघितल्यावर काय आवाज आला ते आधी कळव, आणि बुश झाल्यावर अलाइनमेंटचा कागद मिळाला की त्याचा फोटो पाठव. आकडे बघून पुढे काय करायचं ते बोलू. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या विटा लावून काम करू नकोस, स्टँड नसेल तर माझा घेऊन जा.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका