प्रश्न तुमचे : डेटाबेस अडतो तिथे

प्रश्न : केळी व्यापाऱ्यांसाठी पावत्यांचं सॉफ्टवेअर केलं आहे, मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर. पावत्या चार लाखांवर गेल्या आणि एका शेतकऱ्याची वर्षाची यादी यायला सात-आठ सेकंद लागू लागले. दिनांकावर इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची क्रमवार सूची) आहे, तरी फरक नाही. रॅम वाढवावी का?
– एक वाचक, सावदा

उत्तर : रॅमचे पैसे तूर्त राहू द्या. त्या क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) सुरुवातीला 'एक्सप्लेन' लावून ती चालवा आणि तीन रकाने बघा : टाइप, 'की' (key) आणि 'रोज' (rows, म्हणजे ओळी). टाइपमध्ये 'ऑल', 'की'मध्ये 'नल' (काहीच नाही) आणि 'रोज'मध्ये चार लाखांच्या आसपास आकडा दिसला, तर इंडेक्स असूनही सगळं टेबल चाळलं जातंय.

बहुतेक ठिकाणी कारण असतं 'व्हेअर इयर(दिनांक) = २०२४' अशी अट. इंडेक्समध्ये पूर्ण तारखा क्रमाने लावलेल्या असतात. 'इयर'चं उत्तर त्यात नसतं. म्हणून प्रत्येक ओळ उचलून तिचं वर्ष काढावं लागतं. आर्थिक वर्ष हवं असेल तर अट अशी फिरवा : दिनांक १ एप्रिल २०२४ किंवा पुढचा, आणि १ एप्रिल २०२५ च्या आतला. 'बिटवीन' लावून ३१ मार्चला थांबू नका. कॉलम डेटटाइम (तारीख आणि वेळ दोन्ही) असेल तर ती मर्यादा ३१ तारखेच्या रात्री बाराला, म्हणजे दिवस सुरू होतानाच संपते आणि वर्षअखेरच्या पावत्या गळतात. सीएकडे हिशेब जुळत नाही तेव्हा हे लक्षात येतं.

दुसरं म्हणजे दिनांकावर एकट्याने इंडेक्स पुरणार नाही. शेतकरी आणि दिनांक असा जोड इंडेक्स करा, याच क्रमाने. बरोबरीची अट ज्या कॉलमवर आहे तो आधी, 'पासून-पर्यंत'वाला नंतर. उलटा लावला तर त्या वर्षातल्या सगळ्याच शेतकऱ्यांच्या नोंदी चाळाव्या लागतात. शेतकरी ओळखायला नावाऐवजी क्रमांक ठेवा. नाव शोधताना 'लाइक'मध्ये दोन्ही बाजूंना टक्के चिन्ह दिलं की इंडेक्स पुन्हा निकामी. फक्त शेवटी दिलं तर चालतं.

आणखी एक खोड तपासा. मोबाइल नंबरचा कॉलम व्हारकॅर (मजकुराचा) आहे आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय दिलाय, असं बऱ्याच कोडमध्ये असतं. मग मायएसक्यूएल मजकुराची तुलना आकड्याशी करतो आणि तिथेही इंडेक्स सुटतो. उत्तर बरोबर येतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

बदलानंतर एक्सप्लेन पुन्हा चालवा. टाइपमध्ये 'रेंज' किंवा 'रेफ' यायला हवं आणि 'रोज' रकान्यातला आकडा शेकड्यांत. मात्र या आनंदात प्रत्येक कॉलमवर इंडेक्स लावत सुटू नका. हंगामात दिवसभर पावत्या फाटतात, आणि दर पावतीमागे प्रत्येक इंडेक्स अद्ययावत करावा लागतो.

प्रश्न : जुन्या टेबलातली काही मराठी नावं प्रश्नचिन्हं झाली आहेत, काही विचित्र लॅटिन अक्षरांत दिसतात. शिवाय 'शेतकऱ्यांचे' असा शब्द शोधला तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : हे तीन वेगळे आजार आहेत. औषध देण्याआधी टेबलाची पूर्ण प्रत काढा, मग त्या कॉलमवर 'हेक्स' फंक्शन चालवा. ते आत साठलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं.

जिथे '३एफ' पुन्हा पुन्हा दिसेल तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं साठली आहेत. ती नावं गेली. कागदी पावतीवरून पुन्हा भरा. जिथे 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' असे तुकडे दिसतात आणि कॉलमचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत कशी साठवायची ती पद्धत) लॅटिन१ आहे, तिथे मराठीचे बाइट शाबूत आहेत, फक्त पाटी चुकीची लागली आहे. इथे 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' हा आदेश देऊ नका. तो चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवून बाइट बदलून टाकतो आणि गोंधळ पक्का होतो. आधी कॉलम ब्लॉब करा, मग ब्लॉबवरून व्हारकॅर, यूटीएफ८एमबी४ या युनिकोड कॅरेक्टर सेटसह. ब्लॉबला कॅरेक्टर सेट नसतो, त्यामुळे बाइट जसेच्या तसे राहतात.

पुढे हे होऊ नये म्हणून कॉलमबरोबर कनेक्शनचाही कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करा. डेटाबेसची डीफॉल्ट सेटिंग बदलून जुनी टेबलं बदलत नाहीत, ती फक्त नव्या टेबलांना लागते. जुन्या 'यूटीएफ८'मध्ये मराठी नीट बसतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आहे. इमोजी चार बाइटांचे, ते अडतात.

आता 'ऱ्या'. हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ, हलंत आणि य. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. हेक्समध्ये पहिल्यात 'ई०ए४बी१' येतं, दुसऱ्यात 'ई०ए४बी०' आणि पुढे 'ई२८०८डी'. क्वेरीत जुळतं की नाही हे कोलेशनवर (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर) ठरतं, पण पीएचपी किंवा जावामधल्या साध्या तुलनेत हमखास फसतं. नोंद आत घेतानाच युनिकोडचं एनएफसी (ठरावीक एकसारखं) रूप करा. एनएफसीने जॉइनर जात नाही, म्हणून दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ कोडमध्ये वेगळी लिहा. जुन्या नोंदींवर हेच एकदा चालवा आणि शोधायच्या शब्दालाही तीच गाळणी लावा. शोधशब्द विसरला तर सगळं काम फुकट.

कॉलमच्या लांबीचंही बघा. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरं दिसतो, डेटाबेससाठी तो दहा चिन्हांचा आहे. पूर्ण नावाला व्हारकॅर ३० अपुरा पडतो. १५० ठेवा, जागा वाया जात नाही.

प्रश्न : डेटाबेसची १८० एमबीची फाइल ब्राउझरमधून पीएचपीमायअॅडमिनमध्ये इम्पोर्ट होत नाही.
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी असते, त्यात हे बसणार नाही. मर्यादा वाढवण्यापेक्षा कमांड लाइनवरून मायएसक्यूएल क्लायंटला फाइल द्या. विंडोजवर हे पॉवरशेलमध्ये नको, साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करा. डंप (डेटाबेसची फाइलीतली प्रत) काढताना पॉवरशेलचं '>' वापरलं तर विंडोजसोबत येणारी ५.१ आवृत्ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिते आणि ती परत भरता येत नाही. त्याऐवजी मायएसक्यूएलडंपचा 'रिझल्ट-फाइल' पर्याय द्या.

प्रश्न : मिरचीच्या एका वाणाचा भाव बदलताना 'व्हेअर' राहिलं आणि सगळ्या वाणांचा भाव एकच झाला. डंप आदल्या रात्रीचा आहे, आणि सकाळपासून नव्या नोंदी झाल्यात. काय करावं?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : आधी नोंदी थांबवा. रात्रीचा डंप चालू डेटाबेसवर ओतू नका, सकाळचं काम जाईल.

मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो. त्याचा फॉरमॅट 'रो' आणि रो इमेज 'फुल' ही डीफॉल्ट सेटिंग कोणी बदलली नसेल, तर प्रत्येक बदललेल्या ओळीची जुनी किंमतही त्यात आहे. 'फ्लश बायनरी लॉग्ज' देऊन चालू फाइल बंद करा आणि त्या फाइलींची प्रत बाजूला घ्या. मग मायएसक्यूएलबिनलॉग हे साधन 'व्हर्बोज' आणि 'बेस६४-आउटपुट=डीकोड-रोज' या पर्यायांसह त्या वेळेपुरतं चालवा. प्रत्येक ओळीखाली 'व्हेअर'मध्ये जुना भाव दिसेल, 'सेट'मध्ये नवा. जुने भाव एका तात्पुरत्या टेबलात भरा, वाणाच्या क्रमांकावर जॉइन करून फक्त भावाचा कॉलम परत लिहा. चुकीनंतर कोणी मुद्दाम बदललेला भाव असेल तर ती ओळ वगळा. चुकीच्या भावाने फाटलेल्या पावत्या मात्र हाताने तपासाव्या लागतील.

यापुढे हाताने अपडेट करताना 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन', मग अपडेट, मग किती ओळी बदलल्या तो आकडा. एक अपेक्षित असताना साठ दिसले की 'रोलबॅक' (बदल रद्द). ठीक असेल तर लगेच 'कमिट' (बदल कायम). उघडं ठेवून चहाला गेलात तर त्याच ओळींसाठी थांबलेल्या इतरांना ५० सेकंदांनी लॉकची एरर येते. तीन ठिकाणी हा उपाय चालत नाही : मायआयसॅम टेबलं (या प्रकारात ट्रान्झॅक्शन नसतं), टेबलाची रचना बदलणारे किंवा ते रिकामं करणारे ऑल्टर-ट्रंकेटसारखे आदेश, आणि पीएचपीमायअॅडमिनमध्ये 'स्टार्ट' एकदा व 'कमिट' वेगळ्या वेळी पाठवणं, कारण तिथे दर वेळी कनेक्शन नवं असतं. डीबीव्हर या साधनात ऑटो-कमिट बंद करून हे नीट जमतं.

मायएसक्यूएल वर्कबेंचमधलं 'सेफ अपडेट्स' ('व्हेअर'शिवायचं अपडेट अडवणारी सेटिंग) कंटाळून बंद केलं असेल तर परत चालू करा. कमांड लाइनवरही 'सेफ-अपडेट्स' हा पर्याय आहे. त्याचंच दुसरं अधिकृत नाव 'आय-ॲम-अ-डमी' आहे. नावाची लाज न बाळगता वापरा.