जखमी सैनिकाला हॉस्पिटलला नेईपर्यंत दुखण्यासाठी अजून मॉर्फिनच देतात का?

नाही, निदान अमेरिकन सैन्यात तरी आता जखमीची अवस्था बघून औषध ठरतं, त्यांच्या टीसीसीसी (रणांगणावर जखमींना द्यायच्या उपचारांच्या) गाइडलाइन्समध्ये हे आहे. लढू शकत असेल तर पॅरासिटामॉल आणि मेलॉक्सिकॅमच्या गोळ्या. दुखणं जास्त पण शॉक (म्हणजे रक्त गेल्याने बीपी धोकादायक खाली जाणं) नसेल तर पूर्वी ८०० मायक्रोग्रॅम फेंटानिलची (मॉर्फिनच्याच जातीचं तीव्र वेदनाशामक) चोखायची कांडी देत, ती बोटाला चिकटवत म्हणजे गुंगी आली की हात खाली पडायचा आणि कांडी तोंडातून आपोआप निघायची, मला हे फार हुशारीचं वाटतं. शॉकमध्ये असेल तर केटामिन हे भुलीचं औषध, कारण मॉर्फिनने बीपी आणि श्वास अजून खाली जाऊ शकतो, शिवाय शॉकमध्ये स्नायूत दिलेलं मॉर्फिन रक्तात उशिरा पोचतं. फक्त जीवघेणा रक्तस्राव आधी थांबवायचा, आणि गुंगीचं औषध देण्याआधी त्याचं शस्त्र काढून घ्यायचं.